ज्युनिअर हॉकीत मारामारी नियमात बसते का? एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. छत्रपती संभाजीनगरात इनलाइन हॉकी (चाकांच्या स्केटवरची) खेळतो आणि येत्या जानेवारीत क्लबबरोबर लेहला आइस हॉकीच्या कॅम्पला जायचं म्हणतोय. मोबाईलवर कॅनडातल्या ज्युनिअर मॅचमधल्या मारामाऱ्यांचे व्हिडिओ बघत असतो. मागच्या महिन्यात मॅचमध्ये त्यानं समोरच्या पोराला ठोसा मारला. मी रागावलो तर म्हणाला, "पप्पा, हॉकीत मारामारी नियमात बसते, पाच मिनिटं बाहेर बसलं की झालं." त्याचे कोचही "खेळात एवढं चालतंच" म्हणाले. खरे नियम काय आहेत? त्याला पाठवावं का?

उत्तर :

मुलगा चुकतोय, पण त्याच्यापेक्षा जास्त त्याचे कोच चुकतायत. १४ वर्षांच्या पोरांची हॉकी बर्फावरची असो, चाकांवरची असो की आपल्या नांदेडच्या मैदानावरची, ठोसा मारलेला कुठल्याच नियमपुस्तकात चालत नाही. मी नांदेडला मैदानी हॉकीत बरीच वर्षं पंच होतो. आता इनलाइन हॉकीच्या पोरांना शिकवतो, स्पर्धांच्या शिस्त समितीवर बसतो आणि बर्फावर खेळायला जाणाऱ्या ज्युनिअर टीमबरोबर मॅनेजर म्हणून जातो. तुमचा प्रश्न वेळेवर आलाय. बहुतेक पालक हे विचारतात तेव्हा पोराच्या भुवईला टाके पडलेले असतात.

पाच मिनिटांची गोष्ट आली कुठून ते आधी सांगतो, म्हणजे मुलाशी बोलताना उपयोगी पडेल. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनं १९२२ साली ठरवलं की ठोसाठोशी झाली तर खेळाडूला मॅचमधून काढायचं नाही, पाच मिनिटं बाहेर बसवायचं. हा मोठ्यांचा, पगार घेऊन खेळणाऱ्यांचा नियम. त्यांच्यातही भांडण उकरून काढणाऱ्याला जास्तीची दोन मिनिटं आणि वर दहा मिनिटांची मिसकंडक्ट (गैरवर्तनाची शिक्षा) लागते. मॅचच्या शेवटच्या पाच मिनिटांत कुणी असं भांडण काढलं तर तो खेळाडू पुढच्या मॅचला बसतो आणि त्याच्या कोचला १०,००० डॉलर दंड होतो. कोचला दंड, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलांचं पुस्तक वेगळं आहे. कॅनडात १८ वर्षांखालच्या मुलांची हॉकी ‘हॉकी कॅनडा’च्या नियमांवर चालते. तिथे मारामारी केली की पाच मिनिटांची मेजर पेनल्टी आणि त्याच वेळी मॅचमधून हकालपट्टी. पाच मिनिटं टीम एका खेळाडूनं कमी खेळते आणि ठोसा मारणारा कपडे बदलून ड्रेसिंग रूममध्ये बसतो. पुढच्या किती मॅच बंदी, ते लीग ठरवते. अमेरिकेतही मुलांच्या हॉकीत मॅचबाहेरच काढतात. तिथल्या कॉलेज हॉकीत तर मारामारी केलेला खेळाडू पुढची मॅचही गमावतो. तुमच्या मुलाच्या वयाचा पोरगा टोरांटोत असता आणि त्यानं मागच्या महिन्यासारखा ठोसा मारला असता, तर ‘पाच मिनिटं बसलो आणि परत आलो’ असं झालंच नसतं.

मग व्हिडिओत दिसतं ते काय? ते बहुतेक कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमधलं असतं. १६ ते २० वर्षांची पोरं, स्टेडियम भरलेलं, एनएचएलचे निवडकर्ते वर बसलेले. त्या लीगमध्ये वर्षानुवर्षं मोठ्यांसारखाच नियम होता, हे खरं आहे. पण तिथेही तो आता ढासळतोय. ओंटारिओ या कॅनडातल्या प्रांताच्या लीगनं २०१२ च्या हंगामात मर्यादा घातली की दहापेक्षा जास्त मारामाऱ्या झाल्या की आपोआप बंदी. २०१६ मध्ये ही मर्यादा तीनवर आणली. क्युबेक प्रांतात मार्च २००८ मध्ये एका गोलीनं, म्हणजे गोलरक्षकानं, अख्खा रिंक (बर्फाचं मैदान) ओलांडून समोरच्या गोलीला बडवलं. तो गोली उलट हात उचलत नव्हता. त्या प्रकारानंतर सरकारपर्यंत चर्चा गेली, तरी पूर्ण बदल व्हायला पंधरा वर्षं लागली. २०२३-२४ च्या हंगामापासून क्युबेकच्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये मारामारी केली की थेट मॅचबाहेर. तुमचा मुलगा बघतो ते व्हिडिओ कधीचे आहेत ते त्याला एकदा तपासायला लावा.

जानेवारी १९८७ चा प्रसंग मी माझ्या पोरांना दर वर्षी सांगतो. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या पिएश्त्यानी गावात ज्युनिअर विश्वविजेतेपदाची शेवटची मॅच होती, कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ. कॅनडा ४-२ नं पुढे होता आणि पदक नक्की होतं. दुसऱ्या पिरियडमध्ये दोघांची जुंपली, मग पाचही जोड्यांची, आणि मग दोन्ही बेंचवरची पोरं बर्फावर उतरली. रेफरींना काहीच आवरेना, शेवटी स्टेडियमचे दिवे घालवले. अंधारातही मारामारी चालूच राहिली. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले आणि कॅनडाचं पदक गेलं. खेळाडूंना आधी १८ महिन्यांची आंतरराष्ट्रीय बंदी लागली, कोचना तीन वर्षांची. आज जगभरच्या नियमपुस्तकांत दोन गोष्टी फार कडक आहेत. दोघांच्या भांडणात तिसऱ्यानं शिरायचं नाही, शिरला की मॅचबाहेर. आणि भांडण चालू असताना बेंच सोडून कुणी आत यायचं नाही. आपल्याकडे हेच होतं ना? दोघांची कुरबूर असते, ‘आपल्या पोराला मारतायत’ म्हणून सगळी टीम धावते, मग मोठी माणसं धावतात, आणि तिथून पुढे ते खेळाचं भांडण राहत नाही.

शिक्षांची पद्धत समजायला मैदानी हॉकीची कार्डं आठवा. तिथे हिरव्याला दोन मिनिटं, पिवळ्याला कमीत कमी पाच मिनिटं आणि लाल मिळालं की संपलं. बर्फावर कार्ड नसतं, रेफरी हातानं खूण करतो आणि खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये जातो. स्टिकनं अडकवणं, पाडणं, मनगटावर स्टिक हाणणं, ढकलाढकली यांना दोन मिनिटांची मायनर. या दोन मिनिटांत गोल बसला तर खेळाडू परत येतो. मेजर पाच मिनिटांची, कितीही गोल बसले तरी पूर्ण भोगायची. दहा मिनिटांची मिसकंडक्ट त्या खेळाडूपुरती, टीमला बदली खेळाडू मिळतो. स्टिक भोसकणं, डोक्यानं हाणणं, पाठीमागून बोर्डवर (रिंकभोवतीच्या फळ्यांवर) आपटणं ही मेजर आणि त्याच्या वरची प्रकरणं. कॅनडात बऱ्याच ठिकाणी मुलांच्या जर्सीवर मानेखाली लाल अष्टकोनी ‘स्टॉप’ची पट्टी शिवलेली असते. समोरच्याची पाठ दिसली तर धडक मारू नकोस, एवढ्यासाठी. शिवायला पाच मिनिटं लागतात. आमच्या पोरांच्या जर्सीवर आम्हीही शिवून घेतल्यात.

पण नियम सांगून माझं उत्तर पूर्ण होत नाही. नियमपुस्तक आमच्याकडेही असतं, तरी ठोसे पडतात. का पडतात ते एक मॅच जवळून बघितलं की कळतं.

१६ वर्षांखालची इनलाइन मॅच होती, सिमेंटच्या रिंकवर, भोवती जाळी. मी त्या दिवशी समितीच्या टेबलावर होतो. निळ्या टीमचा एक चपळ पोरगा बॉल घेऊन निघाला की पिवळ्याचा बचाव खेळाडू त्याच्या कमरेला स्टिकचं टोक अडकवायचा. पहिल्यांदा शिट्टी नाही. दुसऱ्यांदा त्याच जागी, शिट्टी नाही. तिसऱ्यांदा स्टिक थेट मनगटावर बसली, ग्लोव्ह आणि एल्बो पॅड यांच्या मधल्या चार बोटं रुंद उघड्या जागेवर. पोरानं हात झटकला, रेफरीकडे बघितलं. रेफरीनं ‘खेळा, खेळा’ अशी खूण केली. निळ्याचे कोच बाहेरून ओरडले, "काय बघतोस, दे त्याला!" पुढच्या मिनिटाला गोलच्या मागे, रेफरीच्या पाठीशी, पिवळ्याचा पोरगा काहीतरी बोलला. निळ्यानं ग्लोव्ह टाकला आणि ठोसा मारला. ती शिट्टी मात्र साऱ्या मैदानाला ऐकू आली.

रिपोर्टमध्ये एकच ओळ होती : क्रमांक अमुकनं ठोसा मारला. पोरगा समितीसमोर आला, मनगट सुजलेलं, म्हणाला, "सर, तो मघापासून मारतोय, कुणी बघतच नव्हतं." त्याला दोन मॅचची बंदी द्यावी लागली, कारण ठोसा तो ठोसाच. पण त्याच बैठकीत आम्ही रेफरीला समोर बसवून विचारलं की पहिल्या अडकवणीला शिट्टी का वाजली नाही. आणि "दे त्याला" म्हणणाऱ्या कोचला पुढच्या मॅचला बेंचवर उभं राहायला बंदी घातली. त्यावर फार गदारोळ झाला, संस्थेचे लोक आले, फोन आले. आम्ही मागे हटलो नाही. त्या हंगामात त्या टीमचा एकही पोरगा परत बाहेर गेला नाही.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे. पोरांची मारामारी ठोशापासून सुरू होत नाही. दोन मिनिटांच्या शिक्षेच्या लायकीचे तीन-चार फाऊल आधी सोडून दिलेले असतात आणि एखाद्या मोठ्या माणसानं मूक नाहीतर उघड परवानगी दिलेली असते. म्हणून मी ज्युनिअरच्या रेफरींना सांगतो, पहिल्या पाच मिनिटांत कडक व्हा. पहिली अडकवण, पहिली मनगटावरची स्टिक, दोन मिनिटं बाहेर. पालक ओरडतील की ‘मॅच तोडताय’. ओरडू द्या. पोरांना दहा मिनिटांत रेघ कुठे आहे ते कळतं, आणि मग उरलेली मॅच खेळायला मजा येते. आणि शिक्षा कोचपर्यंत पोचली पाहिजे. एका मॅचमध्ये एका टीमचे दोन खेळाडू मारामारीसाठी बाहेर गेले तर तिसरा बाहेर जाणारा कोच असावा, असा नियम आम्ही आमच्या स्पर्धांत लिहून ठेवलाय. एनएचएलसारख्या लीगला कोचच्या खिशात हात घालावा लागतो, तर आपण कशाला लाजायचं?

गोलमागे तो पोरगा काय बोलला होता, तेही सांगायला हवं. त्यानं जात काढली होती. आपल्या भागात मैदानावरची शिवी आई-बहिणीवरून सुरू होते आणि जातीवर जाते, हे आपण सगळे जाणतो आणि सगळे गप्प बसतो. हॉकी कॅनडानं अलीकडे नियमपुस्तकात गैरवागणुकीचं स्वतंत्र प्रकरण घातलं. त्यात वंश, वर्ण, धर्म, लिंग यांवरून हिणवणाऱ्याला मॅचबाहेर काढतात आणि पुढे चौकशी होते. आपल्याकडे या यादीत जात पहिली लिहायला हवी. आमच्या नियमात ती आहे आणि तिची शिक्षा ठोशापेक्षा कमी नाही. त्या दिवशी पिवळ्याच्या पोरालाही तेवढीच बंदी मिळाली. निळ्याच्या पोराच्या आईनं नंतर फोन करून एवढंच विचारलं, "सर, त्या पोराला खरंच बसवलं का?" बसवलं होतं.

आता डोक्याच्या दुखापतीबद्दल. हा भाग मुलालाही वाचायला द्या. मारामारीत ठोशानं फार नुकसान होत नाही असं पोरांना वाटतं, कारण हेल्मेट असतं. खरा धोका पडण्यात आहे. दोघं झोंबतात, स्केट घसरतात, हेल्मेटचा पट्टा सुटतो आणि डोकं बर्फावर आपटतं. डिसेंबर २००८ मध्ये ओंटारिओतल्या एका सीनिअर लीगमध्ये २१ वर्षांचा डॉन सँडरसन असाच पडला. हेल्मेट निघालेलं होतं. तीन आठवडे कोमात राहून जानेवारी २००९ मध्ये तो गेला. मारामारी करताना हेल्मेट काढायचं नाही, हा नियम ओंटारिओच्या ज्युनिअर लीगनं त्यानंतर लगेच केला. आणि जे लगेच जात नाहीत त्यांचं काय होतं, तेही आहे. डेरेक बूगार्ड ज्युनिअरपासूनच ठोसेबाज म्हणून घडवला गेला, एनएचएलपर्यंत पोचला, आणि २०११ मध्ये वेदनाशामक औषधं आणि दारू यांच्या मिश्रणानं वारला. वय २८. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवारच्या माराने होणारा सीटीई हा आजार सापडला.

मॅचमध्ये डोक्याला मार लागला की माझ्यासाठी त्या क्षणी शिस्तीचा विषय संपतो. कुणाची चूक, कुणी सुरू केलं, हे उद्या. आधी पोरगा बेंचवर. बेशुद्ध पडला तरच कन्कशन (डोक्याला हादरा बसून मेंदूला होणारी इजा), ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चूक आहे. बहुतेक पोरं बेशुद्ध पडतच नाहीत. एक पोरगा पडून उठला, बेंचवर आला, स्केटची लेस बांधायला लागला. "सर, मी ठीक आहे." मी त्याच्यासमोर बसलो आणि विचारलं, आत्ता कितवा हाफ चाललाय? शेवटचा गोल कुणी केला? मागची मॅच कुणाशी खेळलो, जिंकलो की हरलो? पहिलं उत्तर बरोबर आलं. शेवटचा गोल त्यानं स्वतः केला होता आणि तो त्याला आठवत नव्हता. लेस बांधत होता ती एकाच भोकात दोनदा घातलेली. मी त्याचे स्केट काढून माझ्या पिशवीत ठेवले. हे मी नेहमी करतो, कारण पोरगा ‘जातो’ म्हणाला की मोठी माणसं विरघळतात, आणि स्केटशिवाय आत जाता येत नाही.

नियम एवढाच आहे : कन्कशनचा संशय आला तर त्या दिवशी परत खेळायचं नाही. संशय पुरेसा आहे. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, गुंगी वाढली, हातापायाला मुंग्या आल्या, मान दुखली, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल. मान दुखतेय म्हणाला तर हेल्मेट ओढून काढू नका, उचलून बसवू नका, आहे तसं पडू द्या आणि डोकं धरून ठेवा. पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाईल कमीत कमी. घरात हलकं चालणं-फिरणं चालतं. मग पायऱ्यापायऱ्यांनी परत, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. आधी शाळा नीट जमली पाहिजे, मग एकट्यानं स्केटिंग, मग सराव, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच धक्काबुक्कीची मॅच. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जीव जाऊ शकतो. ओंटारिओमध्ये रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची रग्बी खेळाडू २०१३ मध्ये अशीच गेली. तिच्या नावानं २०१८ मध्ये तिथे कायदा झाला. खेळाडू, पालक आणि कोच या तिघांनीही दर वर्षी कन्कशनची माहिती वाचून तसं नोंदवायचं. आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येईल, क्लबला कागद करायला कुणी अडवलेलं नाही.

आपल्या भागात दुखापत लपवण्याचं एक खास कारण आहे, ते मोकळेपणानं बोललं पाहिजे. जिल्ह्याहून विभाग, विभागाहून राज्य असं गेलं की दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे. घरची दोन एकर कोरडवाहू, पोरगा विभागाच्या फायनलला, आणि त्याचं डोकं गरगरतंय. बाप म्हणतो, "एवढी मॅच खेळू द्या, सर." त्या बापाला मी कधीच दोष देत नाही. पण मी नाही म्हणतो, आणि हे नाही म्हणायची जबाबदारी बापावर टाकायचीच नाही, ती मॅनेजरची आहे, असं नियमात लिहिलेलं असावं.

धडक मारण्याबद्दल थोडक्यात. अंगावर जाऊन धक्का देणं, बॉडी चेक, हा आइस हॉकीचा नियमातला भाग आहे, पण वयाप्रमाणे. २०१० मध्ये अल्बर्टा आणि क्युबेकमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांची तुलना झाली. अल्बर्टात बॉडी चेकला परवानगी होती, क्युबेकमध्ये नव्हती. अल्बर्टाच्या मुलांना दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. अमेरिकेनं २०११ मध्ये आणि कॅनडानं २०१३ मध्ये त्या वयोगटातून बॉडी चेक काढला. तुमच्या मुलानं आजवर खेळलेल्या इनलाइन हॉकीत बॉडी चेक मुळात नाहीच. म्हणजे धक्का कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा, बोर्डजवळ अंग कसं वळवायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पहिल्या कॅम्पला त्यानं बॉडी चेकची मॅच खेळूच नये. कॅम्पमध्ये तसा गट असेल तर विनाधडक गटात नाव घाला.

साहित्यात पैसे वाचवू नका, आणि वाचवायचेच असतील तर स्टिकमध्ये वाचवा. आपल्याकडे बरीच पोरं सायकलचं किंवा साध्या स्केटिंगचं हेल्मेट घालून हॉकी खेळतात. बर्फावर ते चालणार नाही. आइस हॉकीचा पक, म्हणजे बॉलऐवजी वापरतात ती चकती, कडक रबराचा, सुमारे १७० ग्रॅमचा आणि गोठवलेला असतो. पूर्ण चेहऱ्याची जाळी असलेलं हॉकीचंच हेल्मेट हवं. भुवईच्या वर एक बोट एवढ्यावर बसलं पाहिजे, पट्टा लावून मान जोरात हलवली तर हेल्मेट मागे राहता कामा नये, आणि हनुवटी जाळीच्या कपात टेकली पाहिजे. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून एक साइज मोठं घेऊ नका. ग्लोव्ह आणि एल्बो पॅड यांच्या मध्ये मनगट उघडं राहतंय का ते हात पुढे ताणून बघा. मानेचा पट्टा घ्याच. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये मॅच चालू असताना स्केटचं पातं मानेला लागून ॲडम जॉन्सन हा खेळाडू गेला. त्यानंतर आइस हॉकीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं आपल्या सगळ्या स्पर्धांत मानेचं संरक्षण सक्तीचं केलं, आणि अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ पासून मुलांना ते बंधनकारक केलं. कॅनडाच्या मुलांना ते आधीपासूनच होतं. इनलाइनमध्ये पातं नसतं, म्हणून आपल्या पोरांना याची सवयच नसते आणि गळ्याला टोचतं म्हणून ती काढून टाकतात.

लेहची एक वेगळी अडचण आहे. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आतबाहेर, लेह साडेतीन हजार मीटर. विमानानं उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. कन्कशनचीही लक्षणं हीच. पडलेल्या पोराचं डोकं उंचीमुळे दुखतंय की मारामुळे, हे बेंचवर बसून कुणालाच ठरवता येत नाही, त्यामुळे तिथे मी वाद घालत नाही. डोकं दुखतंय म्हणजे स्केट पिशवीत. कॅम्पच्या वेळापत्रकात पहिले दोन दिवस मोकळे ठेवलेत का बघा. उतरल्या दिवशी संध्याकाळी मॅच लावणारा कॅम्प असेल तर पाठवू नका, बाकी सगळं कितीही चांगलं असो.

मागच्या महिन्यातल्या ठोशाचं काय करायचं? महिना झाला म्हणून सोडू नका. ज्याला मारलं त्या पोराच्या घरी तुम्ही मुलाला घेऊन जा. शहर तेच आहे, फार लांब नाही. माफी त्यानं स्वतः मागावी, तुम्ही त्याच्या वतीनं बोलू नका. क्लबनं बंदी दिली नसेल तर पुढची एक मॅच तुम्हीच त्याला खेळवू नका, पण मैदानावर न्या, टीमच्या जर्सीत बेंचमागे बसवा. आणि त्याच्याकडून शांतपणे काढून घ्या की ठोशाच्या आधी काय काय झालं होतं. त्यात समोरच्यानं त्याला खरंच छळलेलं असू शकतं, शिवी दिलेली असू शकते. ते निघालं तर तेही क्लबला लेखी द्या. ‘रेफरीकडे जाऊन कॅप्टननं सांगायचं’ हा मार्ग त्याला माहीत असतो, पण त्या मार्गानं काही होतं हे त्यानं कधी बघितलेलं नसतं.

कॅम्पचे पैसे भरण्याआधी कोचना भेटा आणि चढ्या आवाजात बोलू नका, नाहीतर उत्तरं मिळणार नाहीत. मारामारीला तुमच्या क्लबची लेखी शिक्षा काय, आणि मागच्या महिन्यात ती का लागली नाही? डोक्याला मार लागला तर पोराला बाहेर काढायचा शेवटचा अधिकार कुणाचा? तो माणूस लेहला बरोबर येणार आहे का? दहा पोरांमागे किती मोठी माणसं आहेत? जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर आणि गाडी रिंकवर उभी असते का? माझ्या अनुभवात चांगला कोच या प्रश्नांनी खूश होतो, कागद काढून दाखवतो, एखादी गोष्ट राहिलेली असेल तर लिहून घेतो. तसं झालं तर मुलाला जरूर पाठवा. बर्फावर एकदा पाय ठरला की पोरं वेगळ्याच आनंदात असतात, आणि मराठवाड्यातून तिथे जाणारी पोरं अजून फार थोडी आहेत. "अहो, एवढं चालतंच" हेच उत्तर परत आलं, तर या जानेवारीत थांबा, दुसरा क्लब बघा आणि पुढच्या वर्षी पाठवा. हेल्मेट आणि मानेचा पट्टा मात्र आत्ताच घ्या आणि रोजच्या सरावाला घालायला लावा. सवय व्हायला दोन-तीन महिने जातात, आणि नवा पट्टा पहिल्यांदा लेहच्या थंडीत बांधला की पोरं तो पहिल्याच ब्रेकला काढून ठेवतात.